शीआनमध्ये तीन दिवस: पहिल्यांदा चीनला जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा चीन बघायला निघालेल्या माणसाला लोक बीजिंग नाहीतर शांघाय सुचवतात. मी शीआन सुचवेन, आणि त्यासाठी पुरते तीन दिवस हातात ठेवायला सांगेन. शान्शी प्रांताची ही राजधानी. छांगआन या जुन्या नावानं ती हान आणि थांग या मोठ्या घराण्यांची राजधानी होती, आणि रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक इथेच होतं. चीनचा पहिला सम्राट छिन शि-ह्वांग याच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांमुळे हे शहर जगाला माहीत आहे. पण मराठी माणसानं इथे यावं याचं आणखी एक कारण आहे. शाळेच्या इतिहासात भेटलेला युआन श्वांग, जुन्या पुस्तकांतला ह्युएन त्संग, याच शहरातून भारताकडे निघाला आणि इ.स. ६४५ मध्ये याच शहरात परत आला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल आणि तिथल्या माणसांबद्दल त्यानं जे सांगितलं, ते इथे बसून लिहून घेतलं गेलं. पुढे त्यानं जिथे बसून ग्रंथांची भाषांतरं केली, ते स्थळ तुम्हाला तिसऱ्या दिवशी बघायचं आहे.

आधी प्रवास नीट लागावा यासाठी घरी बसून करायची कामं बघू. चीनमध्ये ऐनवेळी करता येण्यासारखं फार थोडं असतं. बहुतेक तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर आणि आगाऊ निघतात.

कधी जायचं

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या जवळ जातो, हिवाळ्यात शून्याखाली उतरतो. मात्र तारखा काढताना तीन सुट्ट्या कटाक्षानं टाळा: १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि चिनी नववर्ष. या दिवसांत अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. आगगाडीची आणि संग्रहालयांची तिकिटं मिळत नाहीत, मिळाली तरी गर्दीत काही दिसत नाही. आपली दिवाळीची सुट्टी साधारणपणे या गर्दीच्या आठवड्यानंतर येते, त्यामुळे दिवाळीतली सहल इथे चांगली जमते. हवा कोरडी आणि गार असते. संध्याकाळसाठी एक जाड जॅकेट बरोबर घ्या.

व्हिसा आणि तिथवर पोचणं

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतो. पर्यटनासाठीचा व्हिसा ‘एल’ प्रकारचा. हे ठासून सांगण्याचं कारण असं, की व्हिसाशिवाय चीनमध्ये दहा दिवस राहता येतं असं सांगणारे कितीतरी व्हिडिओ फिरत असतात. ती २४० तासांची सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. त्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. चीनचा वाणिज्य दूतावास मुंबईतही आहे. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, मग कागद आणि पासपोर्ट द्यायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि आत कोरी पानं हवीत. हॉटेलची आरक्षणं आणि दिवसवार आखणी छापून जोडावी लागते, म्हणून सुरुवातीला रद्द करता येणारी आरक्षणंच करा.

भारत-चीन थेट विमानं पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ग्वांगझौ किंवा शांघायला उतरून पुढे देशांतर्गत विमान किंवा आगगाडी, हा एक मार्ग. दुसरा मार्ग बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून, कारण तिथून शीआनला सरळ विमानं आहेत. मुंबईहून निघणाऱ्यांना हा दुसरा मार्ग बऱ्याचदा सोयीचा पडतो.

बीजिंगही बघायचं असेल तर तिथून शीआनला आगगाडीनंच जा. बीजिंग पश्चिम ते शीआन उत्तर हे सुमारे १२०० किलोमीटरचं अंतर वेगवान गाडी साडेचार ते सहा तासांत कापते. दुसऱ्या वर्गाचं भाडं पाचशे युआनच्या थोडं वर आहे. एक युआन साधारण १२-१३ रुपयांचा धरा. तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात. रेल्वेच्या ‘१२३०६’ या अधिकृत ॲपला इंग्रजी आवृत्ती आहे. कागदी तिकीट नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकातून जाताना आपला पासपोर्ट काही यंत्रांवर चालत नाही, तेव्हा कडेला कर्मचारी उभा असतो त्या रांगेत लागा. स्थानकात सामानाची तपासणी होते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. पाऊण तास हातात ठेवूनच पोचा.

इथेच पॉवर बँकेचं सांगून टाकतो. जून २०२५ च्या अखेरपासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ‘थ्री-सी’ हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकांवर ते चिन्ह नसतं, आणि तपासणीत ती काढून घेतात. देशांतर्गत विमानानं जाणार असाल तर घरची पॉवर बँक घरीच ठेवा. तिथल्या दुकानांत आणि हॉटेलांत भाड्यानं मिळणाऱ्या पॉवर बँका जागोजागी असतात.

फोनची तयारी

पैशांचे सगळे व्यवहार फोनवरून होतात. भाजीवालाही क्यूआर कोड पुढे करतो. आपलं यूपीआय तिथे चालत नाही. निघण्याआधी घरूनच अलीपे ॲप घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पडताळून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. त्याआधी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर सुरू करावा लागतो. भारतात तो मुळात बंद असतो, आणि पुष्कळ जणांचं गाडं इथेच अडतं. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर अलीपे जादा आकार घेत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर तीन टक्के लागतात. वीचॅट या चिनी संदेश ॲपमध्येही एक कार्ड जोडून ठेवा, कारण कित्येक संग्रहालयांची आरक्षणं त्यातूनच होतात. पाचशे-सातशे युआन रोख जवळ असू द्या. रोख रक्कम सगळीकडे घेतात, पण सुटे मिळायला वेळ लागतो.

गुगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे सगळं चीनच्या इंटरनेटवर बंद आहे. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर मात्र ते चालतं, कारण डेटा आपल्याकडच्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. परदेशी ई-सिमचंही तसंच. हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप लागणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते उगाच काळजीत पडतात. नकाशासाठी गुगल मॅप्सवर विसंबू नका. ॲमॅप नावाचं चिनी ॲप घ्या, त्यात इंग्रजी आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी चालेल. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये फोटो करून ठेवा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव दाखवून उपयोग होत नाही.

आपल्या गोल पिनांचा तीन पायांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा ॲडाप्टर न्या. आणि खिशात टिश्यू ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आहेत आणि फुकट आहेत, पण कागद असेलच असं नाही.

राहायचं कुठे

तटबंदीच्या आत, घंटा मनोरा ते दक्षिण दरवाजा या पट्ट्यात. हा दरवाजा योंगनिंग-मन म्हणून ओळखला जातो. मेट्रोची दोन नंबरची लाइन इथून सरळ जाते आणि उत्तरेला शीआन उत्तर या वेगवान गाड्यांच्या स्थानकाला मिळते. विमानतळावरून येताना १४ नंबरच्या लाइननं शीआन उत्तरला या आणि तिथे दोन नंबरची लाइन पकडा. मेट्रोचं भाडं दोन युआनपासून सुरू होतं. अलीपेमध्येच मेट्रोचा कोड निघतो. प्रत्येक स्थानकात पिशव्यांची तपासणी असते. टॅक्सी अलीपेतल्याच दीदी या सेवेतून बोलवा, म्हणजे भाड्याची घासाघीस करावी लागत नाही.

आरक्षण करताना हॉटेलला परदेशी पाहुणे चालतात ना, एवढं संदेश पाठवून विचारा. पोचल्यावर ते पासपोर्ट घेऊन पोलिसांकडे तुमची नोंद करतात, हा कायद्याचाच भाग आहे. कुणा ओळखीच्यांच्या घरी उतरणार असाल तर ही नोंद चोवीस तासांत आपणच करायची असते.

पहिली दुपार आणि संध्याकाळ

चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पोचल्या दिवशी अंग जड असतं, म्हणून हा दिवस पायी फिरण्याचा ठेवा. शहराच्या मध्यावर घंटा मनोरा उभा आहे, मिंग काळात १३८४ साली बांधलेला. १५८२ मध्ये तो मूळ जागेवरून सोडवून आजच्या चौकात आणून पुन्हा उभा केला. त्याच्या वायव्येला हाकेच्या अंतरावर नगारा मनोरा. पहाटे घंटा आणि सांजेला नगारा, असा शहराचा दिवस मोजला जाई. आत चढण्यासाठी तिकीट आहे, पण माझ्या मते बाहेरूनच, दिवे लागल्यावर बघावेत.

नगारा मनोऱ्याच्या कमानीतून पलीकडे गेलं की मुस्लिम मोहल्ला सुरू होतो. रेशीम मार्गानं आलेल्या व्यापाऱ्यांच्या वंशजांची ही वस्ती, इथल्या लोकांना ह्वे म्हणतात. आधी थेट मोठ्या मशिदीकडे जा, कारण ती संध्याकाळी बंद होते. ह्वाज्वे गल्लीतून, दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून वाट काढत जावं लागतं. परंपरेनं तिची स्थापना ७४२ सालची मानतात, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. घुमट नाही, उंच मिनार नाही. चिनी धाटणीची कौलारू छपरं, एकामागून एक चौक, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मंडप. सगळी रचना पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेनं तोंड करून आहे. दगडी फलकांवर अरबी आणि चिनी लिपी शेजारी शेजारी दिसतात. प्रार्थनागृहात मुस्लिमेतरांना जाता येत नाही, दारातून आत बघता येतं. शहरातली माझी सर्वांत आवडती जागा हीच आहे. बाहेरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि इथे चौकात झाडाखाली शांतपणे तासभर बसता येतं.

मग खाणं. शीआन हे गव्हाचं शहर आहे, आणि तिखट, लसूण, जिरं, व्हिनेगर यांचा हात सैल असल्यामुळे इथली चव आपल्या जिभेला लवकर रुळते. रोउ-ज्या-मो म्हणजे भाजलेल्या जाड भाकरीत भरलेलं मांस. मोहल्ल्यात ते गोमांसाचं किंवा मेंढीच्या मटणाचं असतं, मोहल्ल्याबाहेर बहुधा डुकराचं. जे वर्ज्य करायचं असेल त्याचा शब्द पाठ करून ठेवा: न्यो-रोउ म्हणजे गोमांस, जू-रोउ म्हणजे डुक्कर, यांग-रोउ म्हणजे मटण, जी म्हणजे कोंबडी. यांग-रोउ पाओ-मो या पदार्थात आपल्यापुढे आधी रिकामा वाडगा आणि कडक भाकरी ठेवतात. ती आपण हातानं अगदी बारीक, हरभऱ्याच्या दाण्याएवढी कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाचा रस्सा घालून परत येतो. कुस्करायला वीस मिनिटं लागली तरी घाई करू नका. बारीक कुस्करली तरच रस्सा आतपर्यंत मुरतो.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फक्त आधी सांगावं लागतं. ल्यांग-फी या गार, रुंद शेवया काकडी, मोड आणि लाल तिखट तेल घालून देतात. बहुतेक ठिकाणी त्या बिनमांसाच्याच असतात. यो-फो-म्यान म्हणजे हातानं ओढलेल्या जाड नूडल्सवर लाल तिखट आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तापलेलं तेल ओतायचं. ते चर्रर्र करून उठलं की घरच्या फोडणीचा वास येतो. टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स सगळीकडे मिळतात. गोडात खजूर घालून वाफवलेला चिकट भात, झंग-गाओ, आणि टेंबुर्णीच्या जातीच्या पर्सिमन फळाच्या तळलेल्या टिक्क्या घ्याच. शरद ऋतूत जवळच्या लिनथोंगचं डाळिंब बाजारात येतं, त्याचा ताजा रस गाड्यांवर मिळतो.

‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. ‘बू याओ रोउ’ म्हणजे मांस नको. उच्चारातले चढउतार आपल्याला जमत नाहीत, म्हणून हे चिनी लिपीत फोनवर लिहून दाखवणं उत्तम. त्यात ‘मांसाचा रस्सा, चरबी, लहान कोळंबीही नको’ हे वाक्य जोडा, कारण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर वरचे तुकडे काढून रस्सा तोच देतात. काटेकोर जैन पथ्य असेल तर घरून खाकरा, मेतकूट, चटणी न्या. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली असते. नळाचं पाणी पिऊ नका. स्थानकांत, गाडीत उकळतं पाणी फुकट मिळतं, थर्मास बाळगा.

दुसरा दिवस: मातीचं सैन्य

तिकीट काही दिवस आधी ऑनलाइन, पासपोर्ट क्रमांक टाकून घ्या. १२० युआन पडतात आणि त्यात पुतळे सापडलेल्या खड्ड्यांचं संग्रहालय आणि सम्राटाच्या थडग्याचा लीशान बाग परिसर अशी दोन्ही ठिकाणं येतात. दोन्हींमध्ये फुकट बस फिरते. सैन्य शहरापासून पूर्वेला सुमारे ३५-४० किलोमीटरवर, लिनथोंगमध्ये आहे. मेट्रोनं नऊ नंबरच्या लाइनवर ह्वाछिंग-छ्र स्थानकापर्यंत जा आणि तिथून बस किंवा टॅक्सी घ्या. चौघे असाल तर हॉटेलपासून सरळ दीदी परवडते. रेल्वे स्थानकाबाहेर किंवा संग्रहालयाच्या वाटेवर कुणी ‘टेराकोटा, टेराकोटा’ म्हणत जवळ आलं तर मान हलवून पुढे चला. अशी माणसं नकली प्रदर्शनात किंवा जेडच्या दुकानात नेऊन सोडतात.

सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हा दाराशी हजर राहा. आधी काय बघायचं यावर मतं निराळी आहेत. मी सांगेन, सरळ पहिल्या खड्ड्याकडे जा. सहलींचे जथे दहाच्या सुमारास येतात आणि मग कठड्यापाशी पाच-पाच रांगा लागतात. पहिल्या तासात कठडा मोकळा असतो. हा खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. पुढे तीन रांगांत बिनीचे शिपाई, त्यामागे मातीच्या भिंतींनी वेगळ्या केलेल्या अकरा बोळांत सैन्य उभं. तिन्ही खड्ड्यांत मिळून सुमारे आठ हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे, आणि त्यातले बरेच अजून जमिनीतच आहेत. १९७४ च्या मार्चमध्ये दुष्काळात विहीर खणताना शेतकऱ्यांना पहिले तुकडे लागले. ती विहिरीची जागा खड्ड्यात खूण करून दाखवली आहे.

पुतळे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जवळपास सगळे फुटलेल्या अवस्थेत सापडले. वरचं लाकडी छत जळून कोसळलं होतं. आज जे ताठ उभे दिसतात ते तुकडा तुकडा जुळवून उभे केलेले आहेत. मूळचे ते रंगीत होते, पण उघड्या हवेत येताच रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुकून गळून पडे. पुढचं खोदकाम सावकाश चालण्याचं हे एक मोठं कारण आहे. पहिल्या खड्ड्याच्या मागच्या बाजूला जोडकाम चालू असलेले पुतळे उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाही, अंगावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या. बरेच लोक तिथवर न जाता वळतात. तुम्ही जा. या जागेवर किती कष्ट झाले आहेत ते तिथे कळतं.

नंतर तिसरा खड्डा, आकारानं लहान, सेनापतींचा तळ. मग दुसरा, तिथे गुडघा टेकून बसलेला तिरंदाज काचेच्या पेटीत अगदी जवळून दिसतो. त्याच्या बुटाच्या तळव्यावरची शिलाईसुद्धा कोरलेली आहे. तिथून फुकट बसनं लीशान बागेत जा. १९८० मध्ये सापडलेले काशाचे दोन रथ आता तिथल्या जमिनीखालच्या संग्रहालयात आहेत. प्रत्येकाला चार घोडे जोडलेले, आकार खऱ्या रथाच्या निम्मा, आणि लगामावरचं सोन्याचांदीचं काम बघावं तितकं थोडं. मला खुद्द सैन्यापेक्षा हे रथ जास्त भावले. बागेत दिसणारी झाडीची टेकडी म्हणजेच छिन शि-ह्वांगची समाधी. इ.स.पू. २२१ मध्ये त्यानं चीन एकत्र केला, इ.स.पू. २१० मध्ये तो वारला. समाधी अजून उघडलेली नाही. आत पाऱ्याच्या नद्या वाहवल्या होत्या असं प्राचीन इतिहासकार सिमा छ्येन लिहितो, आणि टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखर जास्त आढळलं आहे.

सगळं मिळून पाच तास धरा. परतताना दोन-तीन वाजतात. वाटेवरचा ह्वाछिंग राजवाडा गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि १२ डिसेंबर १९३६ च्या घटनेसाठी प्रसिद्ध आहे. चीनचा तेव्हाचा नेता च्यांग काय-शेक तिथे उतरला असताना त्याच्याच सेनानींनी त्याला पकडलं आणि जपानविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर जायला भाग पाडलं. आधुनिक इतिहासाची आवड असेल तर थांबा. नसेल तर शहरात येऊन दोन तास झोप काढा आणि संध्याकाळ तटबंदीसाठी राखा.

तटबंदी १३७० च्या दशकातली. परीघ जवळजवळ १४ किलोमीटर, उंची १२ मीटर. माथा इतका रुंद की त्यावर सायकली भाड्यानं मिळतात. मुख्य दरवाजांवर सायकल घ्यायची आणि दुसऱ्या दरवाजावर सोडली तरी चालते. ऊन कलल्यावर दक्षिण दरवाजावरून चढा. पूर्ण फेरीला दीड-दोन तास लागतात. विटा खडबडीत आहेत, कंबरदुखी असेल तर दक्षिण बाजूचाच तुकडा पायी करा, तोच सर्वांत देखणा आहे. पाऊस असला की सायकली देत नाहीत.

तिसरा दिवस: युआन श्वांगच्या दारात

मेट्रोच्या तीन किंवा चार नंबरच्या लाइनवर दायानता स्थानक आहे. दायानता म्हणजे मोठा हंस मनोरा. दक्षिणेच्या चौकात हातात दंड घेतलेला युआन श्वांगचा भव्य पुतळा उभा आहे. मागे दा छ-अन मंदिर, आणि त्यात सात मजल्यांचा, सुमारे ६४ मीटर उंचीचा, किंचित कललेला विटांचा मनोरा. भारतातून आणलेल्या ६५७ ग्रंथांसाठी तो ६५२ साली बांधायला घेतला. मंदिराचं आणि मनोऱ्यावर चढण्याचं तिकीट वेगवेगळं आहे. गुडघे साथ देत असतील तर चढा. चारी दिशांच्या कमानीतून सरळ आखलेले रस्ते दिसतात. पण मनोऱ्याच्या पायथ्याशी, दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ६५३ सालचे दोन शिलालेख आहेत, त्यांच्यासमोर आधी थांबा. सम्राट थायझोंग आणि त्याचा मुलगा गाओझोंग यांनी युआन श्वांगच्या भाषांतरांना लिहिलेल्या प्रस्तावना त्यांवर आहेत. देशाबाहेर जाण्यावरची राजाची बंदी मोडून चोरून निघालेला भिक्षू, आणि परतल्यावर खुद्द राजाची प्रस्तावना.

इथे येण्याआधी त्याच्या प्रवासवर्णनातला महाराष्ट्राचा भाग वाचून या, मराठीत आणि इंग्रजीत तो सहज मिळतो. त्याला दिसलेली माणसं मानी आणि सरळ आहेत. उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, अपमान करणाऱ्याशी जिवावर उदार. कुणी संकटात मदत मागितली तर स्वतःला विसरून धावणारी, आणि सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून मग लढणारी. हरून आलेल्या सेनापतीला ते शिक्षा करत नाहीत, बायकांची वस्त्रं देतात. सम्राट हर्षानं दूरदूरचे प्रदेश जिंकले, पण ही माणसं त्याला शरण गेली नाहीत, हेही युआन श्वांगनं नोंदवलं. पूर्वेच्या डोंगरात कोरलेला विहार आणि त्याच्या दाराबाहेरचे दगडी हत्ती यांचं त्यानं केलेलं वर्णन अभ्यासक अजिंठ्याचं मानतात. हे सगळं डोक्यात घेऊन या आवारात उभं राहिलं की ऊर भरून येतो. पाठ्यपुस्तकातल्या ओळीमागचा माणूस इथे वावरत होता, वर्षानुवर्षं इथे बसून संस्कृत ग्रंथ चिनीत आणत होता.

तिथून जवळच शान्शी इतिहास संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, पण आरक्षण काही दिवस आधी खुलं होतं आणि लगेच संपतं. सोमवारी बंद. मिळालं तर १९७० मध्ये हज्या गावात सापडलेला थांग काळाचा सोन्याचांदीचा ठेवा आणि अकीकाचा, सोन्याचं तोंड असलेला पशुमुखी पेला चुकवू नका. नाही मिळालं तर हिरमुसू नका. छोट्या हंस मनोऱ्याच्या बागेत शीआन संग्रहालय आहे, तिथे गर्दी निम्मीही नसते. मंगळवारी मात्र ते बंद असतं. हा छोटा मनोरा ७०७ च्या सुमाराचा, समुद्रमार्गे भारतात जाऊन आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूशी जोडलेला. १५५६ च्या भयंकर भूकंपात त्याचं टोक पडलं, आता पंधरापैकी तेरा मजले उरले आहेत. ते तुटकं टोक तसंच ठेवलं आहे.

अंधार पडला की पुन्हा मोठ्या मनोऱ्याच्या दक्षिणेला या. थांग काळाच्या धाटणीनं सजवलेला पादचारी रस्ता दिव्यांनी उजळतो आणि तरुण मुलं-मुली जुन्या रेशमी पोशाखात फिरतात. पोशाख आणि केशभूषा भाड्यानं मिळते. बरोबर मुलगी असेल तर तिला हौस करू द्या. शनिवार-रविवार टाळलेले बरे.

हातात आणखी अर्धा किंवा एक दिवस असेल तर

अर्धा दिवस असेल तर शिलालेखांचं वन, बैलिन. दक्षिण दरवाजापासून शूयुआन-मन या ब्रश, शाई आणि कागदाच्या दुकानांच्या गल्लीतून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. १०८७ पासून इथे दगड जमवले गेले. ८३७ साली पूर्ण झालेला अभिजात ग्रंथांचा पाठ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे, म्हणजे नक्कल करणाऱ्याला चूक तपासून बघता यावी. ख्रिस्ती धर्म चीनमध्ये आल्याची हकिकत सांगणारी ७८१ सालची शिळाही इथेच आहे. शिळेवर कागद ओला करून बसवून शाईचा ठसा घेताना कारागीर दिसतात, आणि असे ठसे विकतही मिळतात. नळीत गुंडाळून दिलेला ठसा विमानात हातसामानात ठेवा.

एक पूर्ण दिवस असेल तर दोन वाटा आहेत. इतिहास अलीकडचा हवा असेल तर उत्तरेला येनान, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर जिथे पोचले ते गाव याच प्रांतात आहे.  आणि शहराजवळच राहायचं असेल तर दक्षिणेकडचं शिंगज्याओ मंदिर. युआन श्वांग ६६४ साली वारला, त्याच्या अस्थींवरचा पाच मजली विटांचा स्तूप इथे आहे. शेजारी त्याच्या दोन शिष्यांचे लहान स्तूप. सहली इथे फारशा येत नाहीत. दीदीनं जा, आणि गाडी सोडण्याआधी चालकाला भाषांतराच्या ॲपवर विचारून परतीचंही ठरवून घ्या, कारण तिथून गाडी मिळायला फार वेळ लागतो.